आधी चित्र, मग चरित्र : चित्रकार समजून घेण्याचा एक क्रम

हातात दिवा घेऊन उभ्या असलेल्या तरुणीचे एक चित्र महाराष्ट्रात बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते. कुणाकडे ते दिनदर्शिकेवर असते, कुणाकडे फ्रेममध्ये, आणि आता तर दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर ते फोनवरही येते. त्याखाली पुष्कळदा राजा रविवर्मा यांचे नाव लिहिलेले असते. वास्तविक ते चित्र सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. रविवर्मा १९०६ साली निवर्तले आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमारास काढले गेले. रविवर्म्यांची ख्याती तैलरंगांसाठी आहे आणि हे चित्र जलरंगांतले आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे आणि त्याच राजवाड्यात रविवर्म्यांचीही चित्रे आहेत, हे या गोंधळाचे एक कारण असावे. परंतु काळ आणि माध्यम एवढ्या दोनच गोष्टी कुणी तपासल्या असत्या, तर ही चूक इतकी वर्षे पसरत राहिली नसती.

चित्रकलेकडे नव्याने वळणारा माणूस सहसा चित्रकारांच्या आयुष्यातील कहाण्यांपासून सुरुवात करतो, कारण त्या रंजक असतात आणि सहज सापडतात. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, हा क्रम उलटा करावा. चित्र आधी पाहावे, त्यानंतर माध्यम, शिक्षण आणि काळ समजून घ्यावा, आणि चरित्र सर्वांत शेवटी वाचावे. चरित्र आधी वाचले की चित्रात तेच दिसू लागते आणि शैली ओळखण्याची नजर तयारच होत नाही. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत. त्यांतील उदाहरणे मुख्यत्वे मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि गोवा या परिसराशी नाते असलेल्या चित्रकारांची आहेत, कारण त्यांची मूळ चित्रे मराठी वाचकाला तुलनेने सहज पाहता येतात.

पहिली पायरी : एकच चित्रकार निवडणे

एका वेळी एकच चित्रकार घ्यावा आणि निदान काही महिने त्याच्याबरोबर राहावे. निवडताना एकच निकष महत्त्वाचा मानावा, तो म्हणजे त्याची मूळ चित्रे आपल्याला प्रत्यक्ष पाहता येतील का. मुंबईकरांना काळा घोडा परिसरातील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, तसेच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहाचे दालन जवळ आहे. साताऱ्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी औंधचे श्रीभवानी वस्तुसंग्रहालय अवश्य पाहावे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी जमवलेल्या संग्रहात रविवर्मा व धुरंधर यांची चित्रे आहेत. रविवर्म्यांचाच अभ्यास करायचा असेल, तर बडोद्याला एकदा गेल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण सयाजीराव गायकवाड यांनी त्यांच्याकडून पौराणिक विषयांवरील चौदा चित्रांची मालिका करून घेतली होती आणि महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात त्यांच्या कामाचा मोठा संग्रह आहे. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी आपल्याच शहरातील संग्रहालयापासून सुरुवात करावी. ॲमस्टरडॅममध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने डच चित्रकार व्हॅन गॉग सोडून नागपूरला जन्मलेल्या गायतोंडे यांच्या मागे लागणे शहाणपणाचे नाही, कारण तेथील संग्रहालयात व्हॅन गॉगची सुमारे दोनशे रंगचित्रे एका छताखाली आहेत.

पहिला चित्रकार शक्यतो मनुष्याकृती काढणारा असावा. अमूर्त, म्हणजे ओळखीचे आकार नसलेल्या, चित्रांकडे त्यानंतर वळावे. अमूर्त चित्रे अधिक कठीण असतात म्हणून मी हे सांगत नाही. ओळखीच्या आकारात चित्रकाराने काय बदल केला हे डोळ्याला पटकन कळते आणि शैली म्हणजे काय याची पहिली जाणीव तेथेच होते.

दुसरी पायरी : पाटी न वाचता पाहणे

चित्रासमोर गेल्यावर शेजारची पाटी वाचू नये. दहा मिनिटे एकाच चित्रासमोर उभे राहावे, पहिल्यांदा दुरून आणि मग जवळ जाऊन. दहा मिनिटे हा काळ ऐकायला थोडा वाटतो, पण संग्रहालयात बहुतेक लोक एका चित्रासमोर काही क्षणांपेक्षा जास्त थांबत नाहीत. या वेळात काही ठरावीक प्रश्न स्वतःला विचारावेत. उजेड कुठून येतो आहे? आकाराची कड रेषेने दाखवली आहे, की दोन रंगच्छटा एकमेकींना भिडवून? ब्रशचा फटकारा दिसतो, की पुसून टाकला आहे? नजर पहिल्यांदा कुठे जाते आणि तेथून कुठे वळते? चित्रात खोली आहे, की सर्व काही एकाच पातळीवर आहे?

हळदणकरांच्या त्या चित्राला हे प्रश्न लावून पाहावेत. तरुणीने एका हातात दिवा धरला आहे आणि दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला केला आहे. त्यामुळे ज्योत आपल्याला सरळ दिसत नाही. आपल्याला दिसतो तो बोटांच्या फटींतून आणि प्रत्यक्ष बोटांच्या मांसातून आरपार येणारा लालसर उजेड. तोच उजेड चेहऱ्यावर पसरतो, जांभळ्या साडीच्या निऱ्यांवर हळूहळू मंदावतो आणि बाकीचे सारे अंधारात सोडून देतो. म्हणजे संपूर्ण चित्राची रचना एका न दिसणाऱ्या ज्योतीभोवती केलेली आहे. आता यात तंत्राची भर घालावी. पारदर्शक जलरंगात उजेड दाखवण्यासाठी पांढरा रंग लावण्याऐवजी कागदाचा पांढरेपणा राखायचा असतो, आणि एकदा गडद झालेली जागा पुन्हा पूर्ववत उजळ करणे जवळपास अशक्य असते. तेव्हा कोणती जागा किती उजळ राहील, याचा निर्णय हळदणकरांना रंग लावण्यापूर्वीच घ्यावा लागला असणार. चित्रातील तरुणी त्यांची मुलगी होती, हे कळल्यावर आनंद होतो, पण बोटांतून येणारा उजेड त्या माहितीने साधलेला नाही.

पाहून झाले की खिशातल्या वहीत पेन्सिलीने तळहाताएवढे रेखाटन करावे. आपल्याला चित्र काढता येत नाही, ही सबब येथे चालत नाही, कारण हे रेखाटन कुणाला दाखवायचे नसते. चेहऱ्याचा तपशील वगळून फक्त गडद आणि उजळ भागांचे आकार टिपावेत. नुसते पाहताना निसटलेल्या गोष्टी हात चालू लागला की लक्षात येतात. संग्रहालयात पेन्सिल आणि वही चालते का, छायाचित्र घेता येते का, हे प्रवेशद्वारावर आधी विचारून घ्यावे, आणि छायाचित्राला परवानगी असली तरी फ्लॅश वापरू नये.

तिसरी पायरी : चित्र कशाचे बनलेले आहे

आता पाटी वाचावी. त्यावर चित्राचे नाव, वर्ष, माध्यम आणि मापे असतात. नवखा वाचक बहुधा नाव वाचून पुढे जातो, पण शैलीच्या दृष्टीने माध्यम आणि मापे यांचे मोल अधिक असते. ही नोंद वहीत जशीच्या तशी उतरवून घ्यावी. पुस्तकात पानभर दिसणारे चित्र प्रत्यक्षात वीतभर असू शकते आणि फोनवर मावलेले चित्र भिंत व्यापणारे असू शकते.

माध्यमाने शैली कशी घडते, किंवा कशी बिघडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा रविवर्म्यांचेच आहे. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत शिळाछापखाना सुरू केला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला आणि नंतर जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांना विकला. या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी, सरस्वती आणि शकुंतला यांची रंगीत चित्रे घराघरांत पोहोचली. ही छपाई करताना मूळ चित्रातील रंग वेगळे काढावे लागत, प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगडावर आकार उतरवावा लागे आणि हे काम कारागीर करीत. त्यामुळे देव्हाऱ्यातील छापील चित्रात दिसणारा चेहरा हा रविवर्म्यांच्या हातचा नसतो. मूळ तैलचित्रात रेशमाची चमक, मोत्यांवरचे बारीक उजेडाचे ठिपके आणि त्वचेच्या छटांचे मिश्रण दिसते, तर छापील चित्रात तेच सारे चपटे आणि भडक होऊन जाते. ज्याने केवळ छापील चित्रे पाहिली आहेत, त्याने रविवर्म्यांना भडक म्हणण्याची घाई करू नये.

सय्यद हैदर रझा यांच्याबाबतीत माध्यम बदलाची तारीखच सांगता येते. मध्य प्रदेशात जन्मलेले रझा नागपूरच्या कला विद्यालयात आणि नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १९५० मध्ये फ्रान्सला गेले. १९६२ मध्ये ते अमेरिकेत अध्यापनासाठी गेले आणि त्यानंतर तैलरंगांकडून ॲक्रिलिककडे वळले. ॲक्रिलिक लवकर वाळते, त्याची कड स्वच्छ राहते. त्यांची १९५० च्या दशकातील जाड रंगाची फ्रेंच गावे आणि १९८० च्या दशकातील बिंदू, त्रिकोण व चौकटींची चित्रे शेजारी ठेवली की या बदलाचा अर्थ कळतो. वाळण्याच्या वेगाने बिंदू निर्माण झाला असे मी म्हणत नाही, पण ती नेमकी भूमिती जाड ओल्या तैलरंगात तशी उतरली नसती, हेही तितकेच खरे आहे.

चौथी पायरी : कुणाकडे शिकले, पैसे कुणी दिले

चित्रकाराचा हात कुठे तयार झाला, हे विचारावे. रविवर्मा कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. त्रावणकोरच्या दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराचे काम पाहून आणि पुढे स्वतः प्रयोग करून त्यांनी तैलरंग आत्मसात केला. याउलट कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये जे. जे. मध्ये दाखल झाले आणि तेथेच पुढे शिक्षक म्हणून १९३१ पर्यंत राहिले. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या या शाळेत युरोपीय पद्धतीने पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून आणि जिवंत मॉडेलवरून रेखाटन करण्याची शिस्त होती. धुरंधरांच्या चित्रांतली गर्दी पाहावी. मिरवणूक असो वा लग्नाचा मांडव, प्रत्येक माणसाचा भार कोणत्या पायावर आहे हे कळते, आणि त्याचबरोबर पागोटे कोणत्या जातीचे, लुगडे कोणत्या पद्धतीने नेसलेले, हेही अचूक असते. पहिली गोष्ट शाळेने दिली आणि दुसरी त्यांच्या स्वतःच्या निरीक्षणाने, अशी विभागणी मला योग्य वाटते.

शाळेतील शिक्षणाव्यतिरिक्त पोटासाठी केलेले कामही मोजावे. मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत चित्रपटांचे मोठमोठे फलक रंगवून दिवस काढले. फलक रस्त्यावरून आणि दुरून पाहिला जातो, त्यामुळे त्यात बारीक छटा वाया जातात आणि ठळक बाह्यरेषा, मोठे रंगपट्टे व वेगाने मारलेला ब्रश उपयोगी पडतो. हुसेन यांचे घोडे पाहताना ही गोष्ट मनात ठेवावी. आश्रयदात्याचा विचारही असाच करावा : राजवाड्याच्या दालनासाठी काढलेले चित्र, पोस्टकार्डासाठी काढलेले चित्र आणि प्रदर्शनासाठी काढलेले चित्र एकाच हातून आले तरी सारखे असत नाही. धुरंधरांनी ही तिन्ही प्रकारची कामे केली आहेत.

पाचवी पायरी : वर्षांची वही

वहीचे एक पान आडवे धरून त्यावर चित्रकाराच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतची वर्षे लिहावीत आणि खाली फक्त चित्रे मांडावीत. खात्रीशीर वर्ष असलेली दहा-बारा चित्रे यासाठी पुरतात. जिथे वर्षच ज्ञात नाही, ते चित्र सध्या बाजूला ठेवावे. या पानावर चित्रांच्या छोट्या प्रती चिकटवल्या की बदल कुठे झाला ते दिसते, आणि चित्रकाराची शैली ही एक स्थिर गोष्ट नसते, हे कुणी न सांगता समजते.

या अभ्यासासाठी वासुदेव गायतोंडे यांच्याइतका समृद्ध चित्रकार मला दुसरा दिसत नाही. गोव्याकडील मूळ असलेल्या कुटुंबात १९२४ मध्ये नागपूरला त्यांचा जन्म झाला आणि १९४८ मध्ये त्यांनी जे. जे. मधून पदविका घेतली. वहीच्या सुरुवातीला चिकटवलेली त्यांची चित्रे पाहून अनेकांना धक्का बसतो, कारण त्यांत माणसे आहेत, लघुचित्रांच्या परंपरेतून आलेले सपाट, तेजस्वी रंग आहेत आणि ठाम रेषा आहे. १९५० च्या दशकात रेषा मोकळी होत जाते आणि पॉल क्ली या चित्रकाराचा प्रभाव स्पष्ट जाणवतो. त्यानंतर आकृती विरघळते. १९६० च्या दशकात ब्रशची जागा रोलर आणि रंगाची सुरी घेतात. १९६४-६५ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कमध्ये होते, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात त्यांचा कॅनव्हास आडव्याचा उभा होतो. पाच-सहा फूट उंचीच्या त्या चित्रांपुढे जवळून उभे राहिले की, रंगाचा एक थर लावून, तो काही ठिकाणी खरवडून, त्यावर दुसरा पातळ थर चढवून, रंगवलेले कागद दाबून उचलून त्यांनी पृष्ठभाग कसा घडवला आहे हे दिसते. खालचा थर वरच्या थरातून झिरपत राहतो, आणि म्हणून चित्र बाहेरून प्रकाशित न वाटता आतून उजळलेले वाटते. मधूनच एखाद्या अज्ञात लिपीतील अक्षरासारखा आकार येतो, पण तो वाचता येत नाही आणि वाचायचाही नसतो.

१९८४ मध्ये गायतोंडे यांना झालेल्या अपघातानंतर काही काळ मोठे कॅनव्हास थांबले आणि त्या दशकात त्यांनी कागदावर शाईची छोटी रेखाटने केली. येथे आयुष्यातली घटना आणि चित्राचे माप यांचा संबंध सरळ आहे. वहीत ही जागा लाल पेन्सिलीने नोंदवावी, कारण असे सरळ संबंध फार थोडे असतात.

हीच पद्धत अमृता शेरगिल यांना लावली, तर पान फार छोटे होते. १९३४ च्या अखेरीस त्या पॅरिसचे शिक्षण घेऊन भारतात परतल्या, त्यांनी अजिंठा पाहिला, १९३७ मध्ये दक्षिण भारतीय विषयांवरील मोठी चित्रे काढली आणि १९४१ मध्ये वयाच्या २८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अवघ्या काही वर्षांत पॅरिसची छायाप्रकाशाची पद्धत जाऊन भित्तिचित्रांची शांत, सपाट रचना येते, हे पानावर बोट ठेवून दाखवता येते.

सहावी पायरी : आता चरित्र वाचावे

एवढे झाल्यावर चरित्र हाती घ्यावे. वाचताना प्रत्येक गोष्टीच्या पुढे समासात लिहावे की ही माहिती कुणी सांगितली : चित्रकाराने स्वतः, त्याच्याबरोबर राहिलेल्या माणसाने, की खूप नंतरच्या कुणी. धुरंधरांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन मराठीत आहे आणि जे. जे. मधील शिक्षण, परीक्षा व वरिष्ठ यांबद्दल त्यात प्रत्यक्षदर्शीची साक्ष मिळते, ही मराठी वाचकाची मोठीच सोय आहे. रविवर्म्यांचे बंधू सी. राजा राजा वर्मा त्यांच्याबरोबर प्रवास करीत, चित्रांवर काम करीत आणि दैनंदिनी लिहीत. व्हॅन गॉगची आठशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांतील बहुसंख्य भाऊ थिओला लिहिलेली आहेत. त्याने स्वतःचा कान कापल्याची कहाणी सर्वांना ठाऊक असते, पण पत्रांतून रंगांच्या जोड्यांचा इतका चिकाटीने विचार करणारा माणूस समोर येतो की, वेडाच्या भरात चित्रे काढणारा कलावंत ही प्रतिमा टिकत नाही.

आख्यायिका टाकून देऊ नयेत, पण त्यांना आख्यायिका म्हणूनच नोंदवावे. शाहू महाराजांच्या निधनानंतर आबालाल रहिमान यांनी आपली असंख्य चित्रे पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगितले जाते. ही गोष्ट एका चित्रकाराचे आपल्या आश्रयदात्यावरील प्रेम सांगते, परंतु त्यांची कोल्हापूर परिसरातील निसर्गचित्रे कशी रंगवलेली आहेत, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी जी चित्रे उरली आहेत, त्यांच्याकडेच जावे लागते.

कधीकधी मात्र चरित्र खरोखर दार उघडून देते. हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. ते अगदी लहान असताना त्यांची आई वारली, तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता आणि तिचे छायाचित्रही नव्हते. त्यांच्या चित्रांतील चेहरा नसलेल्या स्त्रिया, विशेषतः मदर तेरेसा मालिकेतील पांढऱ्या साडीच्या घड्यांमधला रिकामा काळोख, या माहितीनंतर वेगळा दिसतो. फ्रान्सिस न्यूटन सूझा हे गोव्यातील साळगावचे. कॅथलिक चर्चमधील क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या प्रतिमा लहानपणी पाहिल्या नसत्या, तर त्यांच्या चित्रांतील काटेरी, जखमी चेहरे त्या रूपात आले असते असे वाटत नाही. तरीही एक कसोटी लावावी : चरित्रातील घटना चित्रातल्या एखाद्या ठरावीक जागेकडे बोट दाखवते का? दाखवत असेल तर ती ठेवावी. केवळ चित्राभोवती हळहळ निर्माण करीत असेल तर बाजूला ठेवावी.

सातवी पायरी : नाव झाकून ओळखणे

शेवटी स्वतःची परीक्षा घ्यावी. निवडलेल्या चित्रकाराची सहा चित्रे आणि त्याच काळातील दुसऱ्या दोघा-तिघांची सहा चित्रे यांच्या नावे नसलेल्या प्रती एखाद्या मित्राकडून मिसळून घ्याव्यात. ओळखताना नुसते नाव सांगून थांबू नये, कारणही लिहावे, आणि ते कारण चित्रात दाखवता येईल असे असावे. ‘भावपूर्ण आहे’ हे कारण होत नाही. ‘कड रेषेने दाखवलेली नाही, उजेड डावीकडून एकाच ठिकाणाहून येतो आणि पार्श्वभूमी तपशिलाविना सोडली आहे’ हे कारण होते. जेथे चूक होईल, तेथे बहुधा दोन चित्रकारांमधील खरे नाते सापडते : एकच गुरू, एकच शाळा किंवा एकमेकांचे काम जवळून पाहणे. १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधील सूझा, रझा, हुसेन आणि आरा यांची सुरुवातीची चित्रे अशा सरावासाठी घ्यावीत, कारण त्या वयात ते एकमेकांच्या फार जवळ होते आणि नंतर चारही दिशांना गेले.

या सरावातून जे नाव आपल्याला सर्वांत जास्त वेळा चकवेल, तोच पुढचा चित्रकार म्हणून घ्यावा आणि नव्या वहीत त्याच्या वर्षांचे पान आखायला सुरुवात करावी.